डॉक्टरीणबाईंनी संगणक घेतला

मुलांनो, दवाखान्याची पायरी कधीच चढला नाही असा तुमच्यापैकी कोणी असेल काय? ताप आला, खोकला झाला, खेळताना गुडघा फुटला, की आई आपल्याला डॉक्टरांकडे घेऊन जाते. तेथे कंपाउंडर प्रथम आपले नाव विचारतात आणि मागच्या फडताळातून एक जाड कागद शोधून काढतात. त्याला केसपेपर म्हणतात. आपले वय, वजन, पूर्वी झालेले आजार, दिलेली औषधे हे सारे त्यावर तारीखवार लिहिलेले असते. आपल्याला तपासण्यापूर्वी डॉक्टर त्या कागदावरून एकवार नजर फिरवितात.

या नजर फिरविण्याला फार महत्त्व आहे. पेनिसिलिन हे औषध तुम्हांला ऐकून माहीत असेल. त्याने आजवर असंख्य लोकांचे प्राण वाचविले आहेत. परंतु काही थोड्या माणसांना ते सोसत नाही. त्यांच्या अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो आणि क्वचित प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणून अशा रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टर तांबड्या शाईने ठळक लिहून ठेवतात, ‘पेनिसिलिन देऊ नये’. ही एक ओळ वेळेवर डोळ्यांपुढे आली, तर माणूस वाचतो. ती हरवली, तर मात्र मोठा अनर्थ होऊ शकतो.

आता समजा, सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांचा दवाखाना लहानसा आहे. पुढे रुग्णांनी बसण्याची पडवी, आत तपासणीची खोली आणि बाजूस कंपाउंडरकाकांचे औषधांचे टेबल, एवढाच त्यांचा पसारा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला मोठा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर चढले होते. अशा पुरात बाईंच्या दवाखान्याचे काय झाले असेल, याची कल्पना करा. पाणी ओसरल्यावर फडताळ उघडून पाहावे, तो वीस वर्षांच्या केसपेपरांचा लगदा झालेला! कोणाला कोणते औषध सोसत नाही, कोणाच्या हृदयाला कोणता विकार आहे, हे सारे त्या लगद्यात विरघळून गेले.

तेव्हा बाईंनी ठरविले, की यापुढे रुग्णांच्या नोंदी संगणकात ठेवावयाच्या. परंतु संगणक म्हणजे काही जादूचा दिवा नव्हे. तो नुसता टेबलावर आणून ठेवल्याने काम भागत नाही. शिवाय पुराच्या पाण्यात कागद बुडतो, तसा संगणकही बुडतोच. म्हणून कोणता संगणक घ्यावा, त्याच्या जोडीला काय घ्यावे आणि कशावर पैसे खर्च करू नयेत, याचा विचार बाईंनी कसा केला, ते आपण पाहू.

आधी काम, मग यंत्र

बाई प्रथम दुकानात गेल्या नाहीत. त्यांनी एक वही घेतली आणि आठ दिवस दवाखान्यात कोणकोणते लिहिण्याचे काम होते, ते टिपून ठेवले. रोज सुमारे ४० रुग्ण येतात. प्रत्येकाची तक्रार व तपासणी लिहावी लागते. औषधाची चिठ्ठी द्यावी लागते. रक्त तपासलेले कागद जपून ठेवावे लागतात. बालकांना लस कधी द्यावयाची, याची आठवण ठेवावी लागते. पैशांची पावती फाडावी लागते. एवढी कामे वहीत उतरली.

मग त्यांनी हिशेब केला. संगणकातील मजकूर ‘बाइट’ या मापाने मोजतात. आपल्या देवनागरी लिपीतील प्रत्येक चिन्हाला बहुधा ३ बाइट जागा लागते. ‘किती’ या शब्दात क, इकाराची वेलांटी, त आणि ईकाराची वेलांटी अशी ४ चिन्हे आहेत. म्हणजे त्याला १२ बाइट लागले. एका रुग्णाची एका भेटीची नोंद सुमारे १,००० चिन्हांची धरली, तर ती ३,००० बाइटांची झाली. रोज ४० रुग्ण आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर १२,००० भेटी होतात. तेव्हा वर्षभराचे सारे लिखाण ३ कोटी ६० लक्ष बाइटांत मावले. संगणकाच्या भाषेत याला ३६ एमबी म्हणतात.

हा आकडा मोठा वाटतो ना? परंतु करंगळीएवढ्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ३,२०० कोटी बाइट मावतात. म्हणजे बाईंच्या दवाखान्याचे आठशे वर्षांहून अधिक काळाचे लिखाण त्या चिमुकल्या वस्तूत राहू शकेल!

चित्रांची गोष्ट मात्र निराळी आहे. सीटी स्कॅन या तपासणीत शरीराची अनेक आडवी चित्रे काढतात. अशा एका चित्रात बहुधा ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ५१२ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यास २ बाइट लागतात. म्हणजे एक चित्र पाच लक्ष बाइटांहून मोठे झाले. एका तपासणीत अशी ३०० चित्रे असली, तर ती बाईंच्या चार वर्षांच्या लिखाणाहूनही अधिक जागा खातील. परंतु बाईंच्या लहान दवाखान्यात असे यंत्र नाही. तशी तपासणी शहरातील रुग्णालयात होते आणि तिचा लेखी निष्कर्ष तेवढा बाईंना ठेवावा लागतो. तेव्हा प्रचंड साठवणीची त्यांना गरज नव्हती.

दुकानातील संभाषण

ही वही घेऊन बाई दुकानात गेल्या. दुकानदाराने एक झगमगता संगणक पुढे केला. त्यात रंगीत दिवे लुकलुकत होते.

“डॉक्टर, हा घ्या. यावर कितीही मोठे खेळ आणि सिनेमे झरझर चालतात,” तो म्हणाला.

“अहो, माझे रुग्ण तापाने फणफणून येतात, त्यांना खेळ कोठले?” बाई हसून म्हणाल्या. “माझ्या वहीतली कामे करील, असा साधा संगणक दाखवा.”

बाईंनी दोन गोष्टी मात्र चांगल्या निवडल्या. पहिली गोष्ट म्हणजे रॅम, अर्थात काम करतानाची स्मृती. तिला टेबलाची उपमा देता येईल. तुमच्या घरी पुस्तकांचे कपाट मोठे असले आणि अभ्यासाचे टेबल लहान असले, तर एक वही उघडताना दुसरी मिटावी लागते. संगणकाचेही तसेच आहे. बाईंच्या कामाला ८ जीबी रॅम पुरेशी होती.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती साठविण्याची तबकडी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे टोक त्या तबकडीपासून इतके थोडे उंच तरंगते, की ते अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. त्यामुळे धक्का बसला, तर ती बिघडण्याचे भय असते. नव्या पद्धतीच्या एसएसडी या साठवणीत हलणारा भागच नसतो. ती वेगाने काम करते व धक्का सोसते. बाईंनी एसएसडीच घेतली. तथापि एसएसडी कधीच बिघडत नाही, असे मात्र समजू नये. तीही एखादे दिवशी अचानक मुकी होऊ शकते.

“डॉक्टर, एक जुना संगणक निम्म्या किमतीत आहे. तो चालेल का?” दुकानदाराने विचारले.

हा प्रश्न विचार करण्याजोगा होता. जुना संगणक वाईटच असतो, असे नाही. परंतु त्याला चालविणारी मूळ प्रणाली अद्याप दुरुस्त होत असली पाहिजे. प्रणालीत कोठेतरी फटी राहून जातात आणि त्यांतून चोर शिरतात. त्या फटी बुजविण्याचे काम तयार करणारी कंपनी करीत राहते, पण कायमचे नव्हे. उदाहरणार्थ, विंडोज १० या प्रणालीसाठी अशा सर्वसाधारण दुरुस्त्या देण्याचे तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. दुकानातील तो जुना संगणक नवी प्रणाली पेलू शकत नव्हता. म्हणून बाईंनी तो घेतला नाही.

विजेचा लपंडाव

मेजावरचा संगणक घ्यावा की लॅपटॉप, हा पुढचा प्रश्न होता. मेजावरचा संगणक दुरुस्तीला सोपा असतो आणि त्याचा पडदा मोठा असतो. लॅपटॉपला वीज थोडी लागते व त्याच्या पोटातच बॅटरी असते. खेड्यात वीज केव्हा जाईल, याचा नेम नसतो. नोंद लिहिता लिहिता वीज गेली, तर ती नोंद अर्धवट राहते. म्हणून बाईंनी स्वतःसाठी लॅपटॉप घेतला आणि कंपाउंडरकाकांसाठी मेजावरचा संगणक घेतला. पुढे दोन्ही संगणक तारेने जोडले. त्यामुळे काकांनी नाव लिहिले, की त्या रुग्णाची नोंद आत बाईंच्या पडद्यावर दिसू लागली.

काकांच्या संगणकाला यूपीएस हे उपकरण जोडले. त्यात बॅटरी असते. वीज जाताच ते डोळ्याचे पाते लवण्याच्या आत बॅटरीवर काम सुरू करते आणि संगणकाला दहा-पंधरा मिनिटे वीज पुरविते. तेवढ्या वेळात लिहिलेले जपून संगणक नीट बंद करता येतो. त्याआधी बाईंनी वीजतंत्र्यास बोलावून दवाखान्याचे अर्थिंग तपासून घेतले. अर्थिंग म्हणजे वाट चुकलेल्या विजेला जमिनीत उतरण्यासाठी करून दिलेला मार्ग होय. तो नीट नसेल, तर यंत्राला आणि माणसालाही धोका असतो.

छपाईसाठी लेझर प्रिंटर घेतला. पातळ शाईचा प्रिंटर पुष्कळ दिवस वापरला नाही, तर त्याची शाई वाळून छिद्रे बुजतात. शिवाय त्याच्या चिठ्ठीवर पाण्याचा थेंब पडला, तर अक्षरे बहुधा पसरतात. लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी बारीक भुकटी असते. ती उष्णतेने वितळून कागदाला घट्ट चिकटते आणि पावसातही अक्षर टिकते. मात्र भुकटी वितळविण्यासाठी हा प्रिंटर एकदम पुष्कळ वीज ओढतो. तो लहान यूपीएसला जोडला, तर यूपीएसवर अतिभार येतो. म्हणून त्याची जोडणी भिंतीवरील निराळ्या खटक्याला केली.

छापील चिठ्ठीचा लाभ तुमच्या ध्यानी आला असेलच. डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा विषय झाला आहे, परंतु औषधाचे नाव चुकीचे वाचले गेले, तर तो विनोद राहत नाही. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम २०१६ साली करण्यात आला. छापील चिठ्ठीने तो सहज पाळला जातो.

तीन प्रती

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्रे आली, नोंदी लिहिल्या जाऊ लागल्या. परंतु पुन्हा पूर आला तर? चोर आला तर? एसएसडी मुकी झाली तर? यंत्र नवे आणता येते, पण हरवलेली नोंद बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून जाणकारांनी एक सोपा नियम सांगितला आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. बाईंची एक प्रत दवाखान्यातील संगणकात होती. दुसरी प्रत एका सुट्या तबकडीवर त्या रोज सायंकाळी करीत आणि तबकडी घरी नेत. परंतु घरही त्याच गावात, त्याच नदीकाठी! पूर आला, तर दवाखाना आणि घर दोन्ही एकदम बुडणार. म्हणून तिसरी प्रत इंटरनेटद्वारे दूरच्या साठवणकेंद्रात जाऊ लागली. पाठविण्यापूर्वी ती सांकेतिक रूपात बदलली जाई. त्यामुळे किल्ली असल्यावाचून ती कोणालाही वाचता येणार नव्हती.

सुटी तबकडी काम होताच काढून ठेवण्याचे आणखीही एक कारण आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक दुष्ट प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकात शिरून तेथील फाइली कुलूपबंद करी आणि त्या उघडण्यासाठी खंडणी मागे. सुमारे १५० देशांतील दोन लक्षांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे काम खोळंबले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. आश्चर्याची गोष्ट ही, की ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविण्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, मिळू लागली होती! पुष्कळांनी ती लावून घेतली नव्हती. असा प्रोग्राम संगणकात शिरला, तर जोडून ठेवलेल्या तबकडीवरील प्रतही तो कुलूपबंद करतो. काढून ठेवलेली प्रत तेवढी वाचते.

प्रती करून बाई स्वस्थ बसल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या सुट्या तबकडीवरची एखादी जुनी नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून पाहत. ती नीट उघडली, तरच प्रत खरी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ?

पोटातील गोष्ट ओठांवर नको

रुग्ण डॉक्टरांना जे सांगतो, ते तो शेजाऱ्यालाही सांगत नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावाने ओळखली जाणारी वैद्यांची एक प्राचीन शपथ आहे. रुग्णाचे गुपित बाहेर फोडणार नाही, असे वचन तीतही आहे. संगणकातील वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ साली कायदाही केला.

म्हणून बाईंनी पडदा अशा रीतीने ठेवला, की पडवीतील लोकांना तो दिसू नये. समोर बसलेल्या रुग्णाला मात्र स्वतःची नोंद पाहता यावी. काकांचा परवलीचा शब्द निराळा, बाईंचा निराळा. तो कागदावर लिहून पडद्याला चिकटविण्याची मनाई होती. काकांना नाव, पत्ता आणि औषधांची चिठ्ठी दिसे. बाकीची नोंद फक्त बाईंना दिसे.

नोंदी ठेवणारा प्रोग्राम निवडतानाही बाईंनी दुकानदाराला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. “उद्या मला दुसरा प्रोग्राम घ्यावासा वाटला, तर माझ्या साऱ्या नोंदी यातून बाहेर काढता येतील ना?” ज्या घरात शिरता येते, पण बाहेर पडता येत नाही, ते घर नव्हे, पिंजरा होय. शिवाय नोंद ही रुग्णाच्याही हक्काची असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत त्याच्या नोंदी दिल्या पाहिजेत. ज्या नोंदी प्रोग्राममधून बाहेरच निघत नाहीत, त्या द्यावयाच्या कशा?

यंत्र आणि माणूस

पहिले तीन महिने बाईंनी केसपेपर आणि संगणक दोन्ही चालू ठेवले. प्रारंभी काकांना कळफलकावर अक्षरे सापडत नसत आणि पडवीतील रांग लांबत असे. पण हळूहळू हात बसला. पुरात गेलेल्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत. त्यासाठी एकेका रुग्णाला समोर बसवून सारे पुन्हा विचारावे लागले.

आणि येथेच बाईंना एक नवी अडचण दिसली. लिहिताना त्यांची दृष्टी पडद्याकडे जाई आणि रुग्ण पाठीशी बोलत राही. एक आजीबाई म्हणाल्याच, “बाई, दुखतंय मला, त्या पेटीला न्हाई!” बाई ओशाळल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टेबल फिरविले आणि आपल्यासाठी एक नियम केला. आधी रुग्णाचे ऐकावयाचे, मग तपासावयाचे आणि नंतर लिहावयाचे.

त्या आजीबाई पुढच्या वेळी आल्या, तेव्हा पडद्यावर तांबड्या अक्षरांत ओळ उमटली, ‘पेनिसिलिन देऊ नये’. बाईंनी ती वाचली. तरीही चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्यांनी आजीबाईंकडे पाहून विचारले, “आजी, तुम्हांला कोणते औषध सोसत नाही, ते आठवते ना?” संगणकाने आठवण दिली, परंतु खात्री माणसानेच करून घ्यावयाची असते.

मुलांनो, तुम्ही मोठे झालात, की दुकानासाठी, शाळेसाठी किंवा शेतीसाठी असे एखादे यंत्र निवडण्याचा प्रसंग तुमच्यावरही येईल. त्या वेळी यंत्राचा झगमगाट पाहण्यापूर्वी बाईंची वही आठवा. आपले काम कोणते, काय हरवले तर परत मिळणार नाही आणि त्याचे रक्षण कसे करावयाचे, हे ज्याने आधी लिहून काढले, त्याची निवड सहसा चुकत नाही.

स्वाध्याय

१. केसपेपरवरील एका ओळीने रुग्णाचा जीव कसा वाचू शकतो?
२. बाई दुकानात जाण्यापूर्वी वही का लिहीत बसल्या?
३. घरी नेलेली प्रत पुरेशी नाही, असे बाईंना का वाटले?
४. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी संगणक घ्यावयाचा आहे. तेथे होणाऱ्या लिहिण्याच्या कामांची यादी करा.
५. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ व ‘डोळ्याचे पाते लवणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.